बारा पटीचा फरक आला कुठून? तुरीच्या मर रोगाचं एक प्रकरण

कोणतं जनुक किती चालू आहे हे दाखवणाऱ्या पहिल्या तक्त्यावर विश्वास ठेवला असता, तर मर लागलेल्या तुरीच्या मुळातली जवळपास सगळी जनुकं एकदम मंदावली होती असं म्हणावं लागलं असतं. हजारो जनुकं खाली, वर गेलेली मूठभर. जिवंत झाडात असं सहसा होत नाही. रोगाशी झुंजणारं मूळ काही कामं थांबवतं, काही नव्यानं सुरू करतं आणि यादी दोन्ही बाजूंना पसरते. एकाच बाजूला कललेली यादी दिसली की मी आधी हिशेब तपासतो, झाडाचं नंतर बघतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आणि तिच्या घरचंच वावर, असं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील फिरवले आहेत, आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीचं एक तास (ओळ), अशी आपल्याकडची नेहमीची पेरणी. तूर फुलावर आली की मर दिसू लागते. तिचे वडील म्हणाले, "एक झाड हिरवंगार अन् बाजूचं उभ्या उभ्या वायलेलं. पाणी कमी पडलं म्हनावं तं दोघायले सारखंच भेटलं." या एका वाक्यात प्रयोगाची आखणी होती. फ्युजेरियम उडम ही बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढते. खोड चिरलं की आत काळपट तपकिरी रेषा दिसतात. तिनं वाळायला नुकतीच लागलेली चार झाडं निवडली आणि त्याच तासातलं, हाताच्या अंतरावरचं एकेक हिरवं झाड जोडीला घेतलं. चार जोड्या, आठ नमुने: नि-१ ते नि-४ निरोगी, म-१ ते म-४ मर लागलेले.

जोड्यांचा निर्णय फार मोलाचा ठरला. बियाणं घरचं होतं, आणि तुरीत परपरागीकरण बऱ्यापैकी होतं, म्हणजे शेजारची दोन झाडंही जनुकांनी अगदी सारखी नसतात. वर जमिनीचा ओलावा दर पन्नास पावलांवर वेगळा. निदान जमिनीचा तेवढा फरक तरी जोडीमुळे आटोक्यात येतो.

मुळं धुऊन लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकली. तालुक्याच्या गावात द्रव नायट्रोजन कुठून आणायचा, असं शहरातले लोक विचारतात. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी त्याचा कॅन असतोच. ओळख काढली की काम होतं. पुढं आरएनए (जनुक चालू असताना तयार होणारा त्याचा संदेश) काढला, लायब्रऱ्या (वाचनासाठी तयार केलेले आरएनएच्या तुकड्यांचे संच) आणि सिक्वेन्सिंग, म्हणजे त्या तुकड्यांचं वाचन, बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलं, आणि आठ फायली पेन ड्राइव्हवर आल्या.

त्यांत पहिली गोष्ट दिसली ती विषम खोली. वाचलेला एक तुकडा म्हणजे एक रीड, आणि नमुन्यातले एकूण रीड म्हणजे त्याची खोली. निरोगी चारही नमुन्यांत तीन कोटींच्या आसपास रीड. म-१ आणि म-२ मध्ये अडीच कोटींच्या आसपास. म-३ मध्ये नव्वद लाख, म-४ मध्ये सत्तर लाख. उथळ नमुने दोन्हीही मर लागलेल्या बाजूला. ही बाब मी लाल शाईनं लिहून ठेवायला सांगितली. कमी-जास्त खोली दोन्ही गटांत विखुरलेली असती तर तिचा उपद्रव बराचसा गोंगाटात मिसळला असता. इथं खोली आणि रोग हातात हात घालून चालत होते. खोलीचा जो काही परिणाम उरेल, तो रोगाचा परिणाम म्हणून छापला जाणार होता.

तिनं आधी कच्च्या मोजणीचाच भागाकार केला होता. मग एका मित्राच्या सल्ल्यानं प्रत्येक नमुन्याला त्याच्या एकूण रीडनं भागलं आणि दहा लाखांनी गुणलं. यादी थोडी आखूड झाली, कल मात्र तसाच. "आता तं खोली सारखी केली ना सर, मंग अजून काऊन सगळं खालीच?" हा प्रश्न घेऊन ती आली.

उत्तरासाठी एकच जनुक घेऊ. समजा ते मुळाच्या पेशीचं रोजचं काम करतं आणि निरोगी असो वा मर, त्याचं प्रमाण सारखंच आहे. फरक सर्वांत ठळक आहे ती चौथी जोडी घेऊ. नि-४ मध्ये या जनुकाचे २,७०० रीड, म-४ मध्ये २२४. सरळ भागाकार केला तर जनुक बारा पट घसरलेलं.

आता एकूण रीडनं भागू. नि-४ चे तीन कोटी, म्हणजे दर दहा लाखांमागे ९०. म-४ चे सत्तर लाख, म्हणजे दर दहा लाखांमागे ३२. बारा पट आता पावणेतीन पटीवर आलं. म्हणजे काहीतरी सुधारलं, पण बरंच उरलं. मित्राचा सल्ला इथं थांबतो, आणि बरेच प्रबंधही इथंच थांबतात.

उरलेल्याचा मोठा वाटा बुरशीचा. मर लागलेल्या मुळातून आरएनए काढला की तो फक्त तुरीचा नसतो. लायब्ररी करताना पॉली-ए शेपटी असलेले आरएनए वेचले जातात आणि बुरशीच्या संदेशवाहक आरएनएलाही तीच शेपटी असते, त्यामुळे तीही सोबत येते. तुरीचा जीनोम २०१२ साली 'आशा' या वाणावरून प्रसिद्ध झाला आहे. तो आणि बुरशीचा जीनोम एकत्र संदर्भ म्हणून ठेवून रीड जुळवले. निरोगी नमुन्यांत दहातले नऊ रीड तुरीच्या जनुकांवर बसले. म-४ मध्ये दहातले चारच. म्हणजे तुरीच्या बाजूनं पाहिलं तर नि-४ ची खोली २ कोटी ७० लाख आणि म-४ ची अवघी २८ लाख. कंपनीच्या अहवालातली चौपट तफावत प्रत्यक्षात जवळपास दहापट होती.

जिनिंगवाला रुईचा उतारा काढताना ओल आणि माती धरून केलेल्या वजनावर काढत नाही, तसंच हे. भाजकात तुरीचेच रीड हवेत. त्यांनी भागलं, तर आपलं जनुक नि-४ मध्ये १०० आणि म-४ मध्ये ८०. पावणेतीन पटीचा फरक सव्वा पटीवर आला.

हा उरलेला सव्वा पटही खोटाच आहे, आणि तो जास्त फसवा आहे, कारण तो खरा वाटण्याइतका लहान आहे. एक मूळ, एक हल्ला: काइटिनेज, पेरॉक्सिडेज आणि रोगाशी संबंधित इतर प्रथिनांची जनुकं धो-धो चालू होतात. निरोगी मुळात ही सगळी मिळून तुरीच्या रीडपैकी शंभरातले दोनच घेत असतील, आणि मर लागलेल्या मुळात बावीस. सिक्वेन्सर आरएनएचे रेणू मोजत नाही, ठरावीक संख्येच्या रीडमध्ये त्यांचे वाटे पाडतो. बावीस तिकडे गेले की उरलेल्या हजारो जनुकांना अठ्ठ्याण्णवऐवजी अठ्ठ्याहत्तरातच भागवावं लागतं. त्यांचं काहीही न बदलता प्रत्येकाचा आकडा पाचव्या हिश्शानं खाली येतो. टीपीएम (जनुकाची लांबी धरून काढलेला दर दहा लाखांमागचा आकडा) काढल्यानं हे सुटत नाही. टीपीएमची बेरीज व्याख्येनंच दहा लाख असते, त्यामुळे वाटणीचा प्रश्न तिथं जसाच्या तसा राहतो. एकाच नमुन्यात हे जनुक जास्त की ते, हे विचारायला टीपीएम चांगलं. दोन नमुन्यांमध्ये एकाच जनुकाची तुलना करायला त्यावर विसंबू नये. एफपीकेएम आणि त्याचंच भावंड आरपीकेएम (रीडना जनुकाची लांबी आणि एकूण रीड या दोन्हींनी भागणं) यांबद्दल तर २०१३ सालीच फ्रेंच संशोधकांच्या एका गटानं सात पद्धती शेजारी ठेवून दाखवलं होतं की एकूण मोजणीनं भागणं आणि आरपीकेएम दोन्ही या कामात कमी पडतात, आणि टीएमएम व डीईसेक या सॉफ्टवेअरची पद्धत टिकतात. तरीही दरवर्षी एफपीकेएमच्या भागाकारावर रंगवलेले उष्णतानकाशे परीक्षणाला येतातच.

डीईसेकची पद्धत तिला कागदावर करायला लावली, कारण संगणकाच्या एका ओळीत ती कळत नाही. दर जनुकासाठी आठही नमुन्यांचा गुणोत्तरी मध्य (आठ मोजण्यांच्या गुणाकाराचं आठवं मूळ) काढायचा. हा एक काल्पनिक सरासरी नमुना झाला. मग प्रत्येक खऱ्या नमुन्यातली त्या जनुकाची मोजणी या मध्यानं भागायची. एका नमुन्यात अशी हजारो गुणोत्तरं मिळतात, आणि त्यांचा मध्यक हा त्या नमुन्याचा आकार-गुणांक. मध्यक घेतल्यानं धो-धो चालणारी मूठभर जनुकं टोकाला पडून राहतात, त्यांचं ओझं इतरांवर येत नाही. नि-४ आणि म-४ च्या गुणांकांचं गुणोत्तर बाराच्या आसपास आलं. २२४ गुणिले बारा म्हणजे जवळपास २,७००. आपलं जनुक जागच्या जागी होतं.

एजआर या सॉफ्टवेअरमधली टीएमएम पद्धत, रॉबिन्सन आणि ओशलॅक यांनी २०१० साली मांडलेली, वेगळ्या वाटेनं तिथंच पोचते: टोकाची गुणोत्तरं छाटून उरलेल्यांची भारित सरासरी. दोन्ही चालवून पाहिल्या, गुणांक जवळजवळ सारखे आले. सारखे आले नसते तर मला अधिक काळजी वाटली असती.

दोन्ही पद्धती एका गृहीतकावर उभ्या आहेत: बहुतेक जनुकं बदललेली नाहीत, किंवा वर आणि खाली साधारण सारखीच बदलली आहेत. पूर्ण वाळलेल्या मुळात हे गृहीतक मोडतं, तिथं खरोखरच सगळं बंद पडत असतं. म्हणून तर नुकती लक्षणं दिसू लागलेली झाडं निवडली होती. एकूण आरएनएच घटला का, हा प्रश्न असता तर आरएनए काढतानाच बाहेरून मोजून घातलेले कृत्रिम आरएनए लागले असते. ईआरसीसीचा ९२ रेणूंचा संच याचसाठी आहे. ते नंतर घालता येत नाहीत. त्यामुळे प्रबंधात "प्रति पेशी" हे शब्द येणार नाहीत, असं तेव्हाच ठरलं.

मग आली शून्यं. तिच्या मसुद्यात एक मथळा होता: "मर झाडांत बंद पडणारी जनुकं". खाली लांबलचक यादी, सगळी म-३ आणि म-४ मध्ये शून्य रीड असलेली. शून्य किती रीडच्या अपेक्षेसमोर आलंय, हे आधी पाहावं लागतं. नि-३ मध्ये एका जनुकाचे नऊ रीड होते. नि-३ आणि म-३ यांच्या गुणांकांत आठ पटीचा फरक. म्हणजे काहीही बदललं नसतं तरी म-३ मध्ये त्याचा सरासरी एकच रीड अपेक्षित. अशा वेळी निव्वळ योगायोगानं शून्य येण्याची शक्यता जवळजवळ तीनांत एक. अशा हजारो जनुकांतून शेकडो "बंद" सहज निघतात. यादीतली बहुतेक जनुकं याच जातीची होती.

उलट्या टोकाला काइटिनेजचं एक जनुक. नि-४ मध्ये ५४० रीड, म-४ मध्ये १,१००. कच्च्या तक्त्यात ते "दुप्पट" म्हणून मधेच कुठंतरी बसलं होतं. बाराचा गुणांक लावला की चोवीस पट. विषम खोली नसलेले फरक उभे करते, हे लोकांना माहीत असतं. असलेले फरक लपवतेही, हे विसरलं जातं.

इथं तिच्या मित्राचा दुसरा सल्ला आला: सगळ्या नमुन्यांतून यादृच्छिकपणे २८ लाखच रीड ठेवा, मग भांडणच नको. दिसायला न्याय्य आहे. पण सात नमुन्यांतली चांगली माहिती एका नमुन्याच्या दारिद्र्यापायी फेकून द्यायची, हे मला पटत नाही. सूक्ष्मजीव-समूहांच्या अभ्यासात अशी छाटणी सर्रास चालायची, आणि मॅकमर्डी व होम्स यांनी २०१४ साली तिच्याविरुद्ध सविस्तर लिहिलं. कच्ची मोजणी तशीच ठेवून गुणांक मॉडेलमध्ये द्यायचा, हे बरं. ऋण द्विपद वितरणावर (मोजणीतला चढउतार धरणाऱ्या संख्याशास्त्रीय वितरणावर) आधारलेल्या मॉडेलला मग कळतं की म-४ मधले २२४ रीड हे नि-४ मधल्या २,७०० पेक्षा कमी भरवशाचे आहेत. आधीच भागून दशांशातले आकडे दिले, तर ही माहिती पुसली जाते. लिम्मा हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी त्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे: सर्वांत मोठ्या आणि लहान लायब्ररीत सुमारे तीन पटीपेक्षा जास्त फरक असेल तर त्यातल्या व्हूम या पद्धतीची वाट घ्यावी.

छाटणी आम्ही केली, पण तपासणी म्हणून. नि-१ ते नि-४ मधले रीड २८ लाखांवर आणले आणि त्याच नमुन्यांच्या पूर्ण खोलीशी त्यांची तुलना केली, जणू ते दोन गट आहेत. इथं एकही जनुक बदललेलं दिसता कामा नये. एकूण रीडच्या भागाकारावर साधी टी-चाचणी लावली आणि शून्यांच्या जागी एक धरला, तर कमी मोजणीच्या जनुकांची रांग लागली. मॉडेलमधून नेलं तर यादी रिकामी. तासाभराचं काम आहे, आणि गटागटांत खोली वेगळी असेल तर ते प्रत्येकानं करावं असं माझं मत आहे.

मुख्य घटक विश्लेषणाचं (सगळ्या जनुकांतले फरक दोन-तीन अक्षांवर मांडण्याच्या पद्धतीचं) चित्रही याच कारणानं बदललं. आधीच्या चित्रात पहिल्या अक्षावर नमुने रोगाप्रमाणे लागले होते आणि ती खूश होती; मी त्याच अक्षासमोर खोली मांडून दाखवली, तर ठिपके जवळपास सरळ रेषेत. मोजणीत एक मिळवून लॉग घेतला की उथळ नमुन्यातली कमी मोजणीची जनुकं सगळी शून्याकडे गोळा होतात. खोलीत एवढी तफावत असताना आरलॉग रूपांतर, जे कमी मोजणीच्या जनुकांचे फरक आवरून धरतं, जास्त तग धरतं. ते वापरल्यावर पहिल्या अक्षावर रोगच राहिला, पण म-२ निरोगींच्या बराच जवळ सरकला. त्याचं खोडही सर्वांत कमी काळवंडलेलं होतं.

आता म-३ आणि म-४ चं काय करायचं? दोघं सारखेच उथळ, पण कारणं वेगळी निघाली. म-३ चा आरएनए चांगला होता. लायब्रऱ्या एकत्र मिसळताना त्याचा वाटा कमी पडला होता, एवढंच. प्रतिरूप रीडचं (एकाच रेणूच्या पुन्हा वाचलेल्या नकलांचं) प्रमाण कमी, म्हणजे लायब्ररीत न वाचलेले रेणू भरपूर शिल्लक. त्याच लायब्ररीतून आणखी एक कोटी ऐंशी लाख रीड घेतले आणि मोजणीत सरळ बेरीज केली. लायब्ररी तीच असल्यानं बेरीज चालते. नवीन मुळातून नवीन लायब्ररी केली असती तर तो वेगळा नमुना झाला असता. नऊ रीडवालं ते जनुक आता म-३ मध्ये चार रीड घेऊन हजर झालं. आणि एक जनुक, नि-३ मध्ये चारशे रीड असलेलं, म-३ मध्ये दीडशेची अपेक्षा असूनही शून्यावरच राहिलं. "बंद पडलेली" या मथळ्याखाली ठेवण्याजोगं तेवढंच.

म-४ ची गोष्ट दुसरी. वरची लक्षणं नवी असली तरी त्याचं मूळ निवडतानाच निम्मं सडलेलं होतं. आरएनए तुटलेला, रीड जनुकांच्या शेपटीकडच्या टोकाला साचलेले, आणि तेवढ्याच खोलीच्या म-३ च्या तुलनेत प्रतिरूपं कितीतरी जास्त. तिथं आणखी रीड विकत घेणं म्हणजे तेच रेणू पुन्हा मोजणं. तुटलेल्या आरएनएत लांब जनुकांचं नुकसान आखूड जनुकांपेक्षा जास्त होतं, त्यामुळे एका नमुन्याला एक गुणांक या हिशेबानं ते भरून निघत नाही. म-४ काढला, आणि आखणी जोड्यांची असल्यानं नि-४ ही मुख्य विश्लेषणातून गेला. उथळ असणं एवढाच म-४ चा दोष असता, तर मी त्याला ठेवला असता.

तीन जोड्या म्हणजे थोड्याच. यावर बाहेरच्या परीक्षकांनी सुचवलं की उरलेल्या पैशांत सगळ्यांचीच खोली वाढवा. मी असहमत होतो. जास्त मोजणीच्या जनुकांत आता अनिश्चितता सिक्वेन्सिंगची उरलीच नव्हती. २,७०० रीडमागे मोजणीचा गोंगाट दोन टक्क्यांच्या आत असतो, आणि शेतातल्या दोन झाडांतला फरक त्याच्या कित्येक पट. २०१४ साली मानवी कर्करोग पेशींवर झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं की सुमारे एक कोटी रीडच्या पुढं खोलीपेक्षा नमुने वाढवण्यात जास्त हाती लागतं. पैसे पुढच्या हंगामातल्या नव्या जोड्यांसाठी राखून ठेवले.

अंतिम यादी दोन्ही बाजूंना पसरलेली आहे आणि पहिल्या यादीपेक्षा खूप लहान. बुरशीचे रीड वेगळे ठेवले आहेत. निरोगी नमुन्यांत ते इतके तुरळक आहेत की बुरशीच्या जनुकांची निरोगी-मर तुलना निरर्थक ठरेल. त्यांचे गुणांक स्वतंत्र काढावे लागतील आणि समोर प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी लागेल. नि-२ मध्ये मात्र अपेक्षेपेक्षा थोडे जास्त बुरशीचे रीड सापडले. झाड हिरवं होतं, आत बुरशी पोचलेली असावी. तो नमुना ठेवला, तशी नोंद केली, आणि त्याची जोडी वगळूनही विश्लेषण जोडलं.

सध्या क्यूपीसीआरसाठी, म्हणजे एकेक जनुक वेगळ्या पद्धतीनं पडताळण्यासाठी, प्रायमर (ते जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायचे आहेत. तिच्या यादीत संदर्भ जनुक (न बदलणारं मानून ज्याच्याशी बाकीची तोलतात ते) म्हणून अॅक्टिन होतं, सगळे वापरतात म्हणून. तिला तिच्याच तक्त्यातून, गुणांक लावल्यानंतर तिन्ही जोड्यांत सर्वांत कमी हलणारी जनुकं काढायला सांगितली आहेत. त्यांत अॅक्टिन वरच्या पानांत नाही.